कामं क्राकोला गेली, सही चाकणलाच राहिली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. परदेशी समूहांच्या कंपन्यांमधलं बिलं भरण्याचं, पगाराचं, महिना बंद करण्याचं काम हल्ली एकेका शहरात गोळा होतं: पोलंडमधलं क्राको, फिलिपिन्समधलं मनिला, आणि आपलं पुणंसुद्धा. कायदे मात्र ज्या त्या देशातच राहतात. मी 27 वर्षं एका युरोपीय समूहाच्या आधी पिंपरीतल्या आणि मग चाकणच्या कारखान्यात लेखा विभागात होते, त्यातली शेवटची 11 वर्षं विभागप्रमुख. आमचं काम 2012 मध्ये क्राकोला गेलं. त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटली.

आमच्या समूहाचं धोरण सगळ्या पुरवठादारांना बिलाच्या महिनाअखेरीपासून 90 दिवसांनी पैसे देण्याचं आहे. पेमेंट क्राकोहून होतं. लहान उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे मी तीनदा कळवलं. 'ग्लोबल पॉलिसीला अपवाद नाही' एवढंच उत्तर येतं. काय करू?
— फायनान्स कंट्रोलर, चाकण

तुम्ही नियम कळवलात. आकडा कळवलात का? नियम वाचून तिकडच्या माणसाला वाटतं, ही त्यांची स्थानिक अडचण आहे, सांभाळतील. आकडा पाहिला की तो खुर्ची पुढे ओढतो.

आधी नियम नीट मांडू. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याप्रमाणे पुरवठादार सूक्ष्म किंवा लघू उद्योग असेल, तर लेखी करार नसताना 15 दिवस आणि करार असताना जास्तीत जास्त 45 दिवस. करारात 90 लिहून दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या तरी ते 90 टिकत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पाने आणलेली, सगळे 43बी(एच) म्हणतात ती तरतूद आहेच: मुदत उलटूनही 31 मार्चला देणं बाकी राहिलं, तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरली जात नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळते.

आता आकडा. समजा अशी मुदत उलटलेली रक्कम तुमच्याकडे कायम 2 कोटींच्या आसपास असते. समूहाला भांडवल 9 टक्क्यांनी पडत असेल, तर उशीर करून वर्षाला 18 लाख वाचतात. बँक रेट साडेपाच टक्के धरला, तरी तिप्पट म्हणजे साडेसोळा. चक्रवाढ न धरता 33 लाख. आणि 2 कोटींचा खर्च त्या वर्षी नाकारला गेला, तर 25.17 टक्क्यांच्या दराने 50 लाखांवर कर आधी भरावा लागतो. 'तो पुढच्या वर्षी भरून निघेल' असं ते म्हणतील, आणि ते खरं आहे. पण पैसा वाचवण्यासाठी केलेल्या धोरणाने पैसाच आधी बाहेर जातोय, हे त्यांना त्यांच्याच भाषेत दिसू दे. हे एका पानावर मांडा आणि समूहाच्या ट्रेझरीप्रमुखाला पाठवा. क्राकोच्या टीमला नाही, त्यांच्या हातात धोरण नसतं.

'अपवाद' हा शब्दही वापरू नका. भारतातल्या सूक्ष्म-लघू उद्योगांसाठी वेगळी पेमेंट टर्म मागा. अशी टर्म एसएपी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला दहा मिनिटं लागतात. त्यातल्या पुरवठादाराच्या नोंदीत (मास्टरमध्ये) उद्यम, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडा, सूक्ष्म, लघू की मध्यम अशी खूण ठेवा. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी यांना ही 45 दिवसांची तरतूद लागू होत नाही, तेव्हा यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान निघेल. 1 एप्रिल 2025 पासून व्याख्या रुंदावल्या आहेत (लघू म्हणजे आता 100 कोटींपर्यंत उलाढाल), म्हणून जुनी यादी पुन्हा तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवस कुठून मोजायचे. कायदा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो. क्राकोची यंत्रणा बिल नोंदवल्याच्या दिवसापासून. या दोघांमधल्या दिवसांत माणसं भरडली जातात. भोसरीतले एक गृहस्थ आमचे शाफ्ट ग्राइंडिंग करून द्यायचे, सात कामगार. एका दिवाळीच्या आधी त्यांचं बिल 38 दिवस अडकून होतं, कारण पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) दर 14.20 रुपये आणि बिलात 14.60. सुधारित दराचं पत्र माझ्या टेबलावर होतं, पण यंत्रणेत चढलं नव्हतं. तिकडच्या मुलीला दर जुळत नाही एवढंच दिसत होतं, तिचं काही चुकलं नाही. इकडे त्या गृहस्थांनी बोनस द्यायला ओव्हरड्राफ्ट काढला. त्यानंतर मी दर सोमवारी सकाळी अडकलेल्या बिलांची यादी स्वतः काढू लागले, निवृत्तीच्या आठवड्यापर्यंत. तुम्हीही काढा. या कामाला वीस मिनिटं लागतात आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवू नका.

माझं सीएनसीचं लहान वर्कशॉप आहे. एका मोठ्या परदेशी कंपनीकडे चार महिन्यांचे पैसे अडकलेत. विचारलं की 'पेमेंट परदेशातून होतं, आमच्या हातात नाही' म्हणतात. तक्रार केली तर काम जाईल अशी भीती वाटते.
— एक उद्योजक, भोसरी

भीती खरी आहे, ती खोटी ठरवणार नाही. पण तक्रारीच्या आधी एक पायरी आहे. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापा आणि कंपनीच्या इथल्या लेखाप्रमुखाला तसं पत्र द्या, पोच घ्या. कंपनीला दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत, 45 दिवसांच्या वर थकलेल्या अशा रकमांचं विवरण कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं. तुमचं नाव त्यात जाणार हे कळलं की इथला माणूस हलतो. बऱ्याचदा त्याला तेच हवं असतं, तिकडे दाखवायला काहीतरी कागद. शिवाय 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटवणीच्या मंचावर नोंदणी करावी लागते. तुमचं बिल तिथे स्वीकारायला सांगा. तुम्हाला पैसे लवकर मिळतात आणि कंपनीला बँकेला ठरल्या तारखेला द्यावे लागतात. थकलेल्या पैशांची तक्रार करायच्या सरकारी पोर्टलचा रस्ता याच्यानंतरचा, पण तो आहे, आणि वापरणं हा तुमचा हक्क आहे.

पगार मनिलाहून होतो. फेब्रुवारीत सगळ्यांचा व्यवसायकर 200 च कापला गेला. मी चूक दाखवली तर 'मागच्या 10 महिन्यांत 200 होता' असं उत्तर आलं.
— एचआर एक्झिक्युटिव्ह, नाशिक

त्यांना वर्षाची बेरीज दाखवा. राज्यघटनेने व्यवसायकराची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये ठेवली आहे. महाराष्ट्राने त्याचे 11 महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 असे हप्ते केले. मनिलातल्या मुलाला 2500 आणि 12 यांचा मेळ कळला की फेब्रुवारी त्याच्या लक्षात राहील. कर भरण्याची जबाबदारी कंपनीची आहे, तेव्हा माणशी 100 रुपयांचा फरक आत्ता कंपनीने भरून टाका आणि मार्चच्या पगारात समजावून कापा. याच बैठकीत जून आणि डिसेंबरचा कामगार कल्याण निधी, आणि 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना 2023 पासून असलेली व्यवसायकराची सूट, या दोन गोष्टीही तपासून घ्या. एक निसटलं असेल तर बाकीची निसटलेली असण्याची शक्यता दाट.

महिना बंद होताना तिसऱ्या दिवशी मुख्यालयातून आमच्या पुस्तकात 'मॅनेजमेंट फी'ची एंट्री पडते. बिल दोन-तीन महिन्यांनी येतं. ऑडिटर म्हणतात जीएसटी आणि टीडीएस दोन्ही उशिरा भरलेत. बिलच नव्हतं तर भरणार कशावर?
— असिस्टंट मॅनेजर, तळेगाव

ऑडिटर बरोबर आहेत. परदेशातल्या आपल्याच समूहातल्या कंपनीकडून सेवा घेतली, तर जीएसटीसाठी पुस्तकातली नोंद किंवा पैसे देणं, यातलं जे आधी घडेल ती तारीख धरतात. बिलाची वाट पाहायची सोय नाही. नोंद 31 डिसेंबरला पडली तर रिव्हर्स चार्जचा, म्हणजे सेवा घेणाऱ्याने भरायचा, कर 20 जानेवारीला, आणि तो रोखीनेच भरायचा; आधीच्या कराच्या जमेतून (इनपुट क्रेडिटमधून) वळवता येत नाही, जमा नंतर मिळते. टीडीएसचंही तसंच. ती फी इथे करपात्र असेल, तर त्या कंपनीच्या खात्याला रक्कम जमा टाकली तेव्हाच कर कापायचा आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा. ते खातं 'सस्पेन्स' म्हटलं तरी सुटका नाही. आणि परदेशी पक्षावर कर कापला नाही, तर खर्च सगळाच्या सगळा नाकारला जातो. देशातल्या पक्षाच्या बाबतीत 30 टक्के.

म्हणजे मुख्यालयातल्या कुणीतरी संध्याकाळी एक बटण दाबलं की तळेगावात दोन तारखा जन्माला येतात, आणि दाबणाऱ्याला त्या माहीत नसतात. म्हणून अशी नोंद तुमच्या मंजुरीशिवाय पडूच नये, एवढं यंत्रणेत बसवून घ्या. त्या फीच्या बदल्यात मिळालं काय, याचे पुरावेही त्याच महिन्यात गोळा करा: कोण आलं, कोणता अहवाल मिळाला, कोणत्या प्रश्नावर सल्ला घेतला. तीन वर्षांनी हस्तांतरण किंमतीचा, म्हणजे समूहातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावलेले दर तपासणारा, अधिकारी हेच विचारतो आणि तेव्हा तिकडची माणसं नोकरी बदलून गेलेली असतात.

तारखांवरून माझा एक अनुभव सांगते. 2014 साली 30 एप्रिल बुधवारी आला. मार्चचा टीडीएस भरायची ती शेवटची तारीख. रक्कम होती 38 लाख. चलन मी सोमवारीच मंजुरीला पाठवलं होतं. पहिली मंजुरी मिळाली. दुसरी देणारे क्राकोतले गृहस्थ बुधवारी दुपारी निघून गेले. 1 मेला त्यांची सुट्टी आणि आपला महाराष्ट्र दिन. 3 मे हा पोलंडचा संविधान दिन, त्या वर्षी शनिवारी आला. मधल्या शुक्रवारी अर्धं क्राको रजेवर. पैसे गेले सोमवारी, 5 तारखेला. उशीर पाच दिवसांचा, पण व्याज कर कापल्याच्या तारखेपासून लागतं आणि अर्धवट महिना पूर्ण धरतात: मार्च, एप्रिल, मे, दीड टक्क्याने साडेचार टक्के. 1,71,000 रुपये. त्या शुक्रवारी मी बँकेच्या स्क्रीनसमोर बसून होते, खात्यात पैसे दिसत होते आणि ते पाठवायचा अधिकार मला नव्हता.

त्यानंतर मी एक गोष्ट मिळवली. सरकारी देण्यांसाठी वेगळं बँक खातं, आणि त्यावर भारतातल्याच दोघांच्या सह्या. कर, पीएफ, ईएसआय, व्यवसायकर, एवढ्याच कामांसाठी. बाकी सगळं क्राकोने करावं, ते चांगलं करत होते. हे मिळवायला सात महिने लागले. तुम्ही आजच मागायला लागा.

मी प्लांट हेड आहे, इंजिनिअर. आमचे भारतीय संचालक निवृत्त होताहेत. 'कायद्याला इथे राहणारा एक संचालक लागतो, तुम्ही नुसती सही द्या, हिशेबाचं सगळं बाहेरून होतं' असं मला सांगितलंय. पत्नीला काळजी वाटते. होकार देऊ का?
— एक वाचक, रांजणगाव

तुमच्या पत्नीला वाटणारी काळजी योग्य ठिकाणी आहे. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

कंपनी कायद्यात 'नुसती सही' देणारा संचालक असा प्रकार नाही. आर्थिक वर्षात किमान 182 दिवस भारतात राहणारा एक संचालक हवा, ही अट खरी आहे. पण ती अट आहे ती इथे कुणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून. वर्षाच्या शेवटी संचालकांच्या अहवालात तुम्ही सही करून असं म्हणणार असता की कंपनीला लागू असलेले सगळे कायदे पाळले जावेत अशी व्यवस्था आम्ही उभी केली आहे आणि ती नीट चालते आहे. सगळे कायदे. तुम्हाला त्यातले किती दिसतात?

तुम्ही प्लांट हेड आहात म्हणून आणखी एक. कंपनीच्या कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कायद्याने कारखान्याला जबाबदार धरला जाणारा माणूस, संचालकच असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा संचालक झालात की पुढचा कागद बहुधा तोच येईल. सुरक्षिततेच्या चुकांचं उत्तरदायित्व त्यासोबत येतं. आणि कापलेला कर किंवा पीएफ वेळेत भरला गेला नाही, तर कायद्यात दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. अनेक सज्जन माणसं वर्षानुवर्षं संचालक म्हणून निर्धास्त राहतात. फक्त ती आधी विचारतात आणि मग सही करतात.

तुम्ही काय विचारायचं? पहिलं, हिशेबाची पुस्तकं कुठे आहेत. सर्व्हर परदेशात असला तरी पुस्तकं भारतातून कधीही उघडता आली पाहिजेत आणि त्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर असायला हवी. 2022 पासून 'रोज' हा शब्द नियमात आहे. कंपनीला सेवा देणारा परदेशात असेल, तर पुस्तकांचा ताबा असलेल्या भारतातल्या माणसाचं नाव आणि पत्ता निबंधकाला कळवावा लागतो. ते नाव कुणाचं आहे? तुमचंच टाकणार आहेत का? 2023-24 पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहायला हवा आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरने मागच्या वर्षी यावर काय लिहिलं, तो परिच्छेद मागून वाचा.

दुसरं, दर महिन्याला तुम्हाला एक कागद मिळायला हवा: कुठली देणी, कुठल्या तारखेला, भरल्याचा चलन क्रमांक काय. 'सर्व अनुपालन झाले' असं एका ओळीचं प्रमाणपत्र घेऊ नका. चलन क्रमांक पडताळून पाहता येतो; एक ओळ कुणीही लिहितं. माझ्या नोकरीत असं एकदा घडलं होतं की प्रमाणपत्र बाहेरून वेळेवर आलं आणि ज्या भरण्याबद्दल ते होतं ते पैसे बँकेने दोन दिवस आधीच परत पाठवले होते. लिहिणाऱ्याने यंत्रणेतला हिरवा दिवा पाहून लिहिलं होतं.

तिसरं, पैसा थांबला असताना तो सोडायचा अधिकार इथल्या कुणाकडे आहे का. नसेल तर होकार देऊ नका. हे मी वर तळेगावच्या पत्राला उत्तर देताना 'मागा' म्हटलं. तुम्हाला सांगताना 'याशिवाय नाही' म्हणते, कारण तुमचं नाव त्या कागदावर असणार आहे.

मूळ कंपनीकडून नुकसानभरपाईची हमी आणि संचालकांचा विमा दोन्ही घ्या. मात्र विमा वकिलाचा खर्च देतो, तुमच्या जागी कोर्टात उभा राहत नाही. आणि मंडळाच्या बैठकीत एखाद्या गोष्टीला विरोध असेल, तर तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लाजू नका. नंतर तोंडी सांगितलेलं कुणालाही आठवत नाही.

ही उत्तरं लेखी मिळाली तर जरूर संचालक व्हा. जमिनीवर काम माहीत असलेली माणसं मंडळात बसायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

मी खराडीत एका जर्मन कंपनीच्या केंद्रात काम करते. आम्ही श्टुटगार्टच्या कंपनीची पुस्तकं लिहितो. तिथल्या लेखाप्रमुख बाई सतत कामाच्या पद्धतीची लेखी कागदपत्रं मागतात, तीही जर्मनमध्ये, आणि 10 तारखेच्या आधी फार तगादा लावतात. आमच्यावर विश्वास नाही असं वाटतं.
— एक वाचक, पुणे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्या बाईंच्या जागी मी 9 वर्षं होते.

त्यांच्याकडे कायदा असा आहे: वार्षिक ताळेबंद जर्मन भाषेत आणि युरोत हवा. पुस्तकं जर्मनीत ठेवायची. इलेक्ट्रॉनिक पुस्तकं युरोपीय संघाबाहेर न्यायची तर करखात्याची परवानगी लागते, आणि ती टिकते ती कागद मागितल्याबरोबर दाखवता आले तरच. यात कसूर झाली तर 2,500 पासून 2,50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॅटचं आगाऊ विवरण पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला भरायचं असतं. वर्षाच्या कराचा अकरावा हिस्सा आधी ठेवून मागितली तर एक महिन्याची मुदत मिळते, सगळेच घेतात असं नाही. करतपासनीस आला की तो खराडीला येणार नाही, त्यांच्या टेबलासमोर बसेल. त्याला दाखवायला त्या ती कागदपत्रं मागताहेत.

तुमच्या टीमच्या कॅलेंडरवर जर्मनीच्या तारखा लाल रंगात लावा, आणि त्यातही त्यांच्या राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या, कारण श्टुटगार्टला ज्या दिवशी सुट्टी असते त्या दिवशी हॅम्बुर्गला असेलच असं नाही. दिवाळीच्या आठवड्यात तुमच्याकडे कोण असेल, हे त्यांना सप्टेंबरातच कळवा. कामाची पद्धत बदलली की कागद त्याच दिवशी बदला. त्यांनी मागण्याची वाट पाहू नका.

आणि येत्या 10 तारखेच्या आधी मेल न करता त्यांना फोन करा. विचारा, त्यांना या महिन्यात काय काय भरायचं आहे. मला असा फोन क्राकोहून एकदाच आला, 2017 च्या मार्चमध्ये. पलीकडून एक मुलगी विचारत होती, '31 तारखेला तुमच्याकडे काय काय आहे, मी कशाला आधी हात लावू?' मी यादी वाचत गेले आणि ती लिहून घेत गेली. तिचं नाव मला अजून आठवतं.